पाहुण्यांचा कोळसा

अग्नीला शिस्त लावणारी माणसं मानवाच्या इतिहासात फार थोडी झाली आणि त्यांतलं एक आमच्या वणीत, तेल मिलच्या मागच्या गल्लीत राहत होतं. घरातली गॅसची शेगडी मात्र त्यांच्या बायकोलाच पेटवावी लागे. बर्नर 'भप्' करून पेटला की खिरटकर सर दचकून मागे सरत.

सर गेल्यावर इथल्या एका वर्तमानपत्राने त्यांना 'कोळशाचा ऋषी' म्हटलं. ऋषी हा शब्द त्यांना आवडला नसता. ऋषी म्हटलं की होम आला, होम म्हटलं की धूर आला आणि धूर दिसला की सरांना स्वस्थ बसवत नसे. एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला ते होमाजवळ उकिडवे बसले आणि भटजींना म्हणाले, "महाराज, खालून हवा काहून देत नाई? अर्धं तूप वायाच चाललं." भटजींनी मंत्र न थांबवता त्यांच्याकडे असं पाहिलं, की देवांनासुद्धा पुढची आहुती जरा जपून घ्यावीशी वाटली असेल.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवत होतो. ते रसायनशास्त्र, मी मराठी. स्टाफरूममधलं खिडकीजवळचं टेबल आमच्या दोघांच्या वाट्याला आलं होतं. मी कवितेत अर्थ शोधत असे, ते कोळशात राख. त्यांना राख नेहमी सापडे. माझं तसं नव्हतं. ते मला कधी नावाने हाक मारत नसत. "काहो मराठीवाले" एवढीच हाक, आणि त्यात प्रेम किती आणि कीव किती हे मला कधी कळलं नाही.

वणीत पांढरा शर्ट दोन प्रकारची माणसं घालतात. एक पुढारी, कारण ते गाडीच्या काचा वर करून हिंडतात. दुसरे खिरटकर सर, आणि ते सायकलवर हिंडायचे. कोळशाचे ट्रक त्यांच्या अंगावरून धुळीचा लोट उडवत जात, सर उतरून बाजूला उभे राहत आणि लोट ओसरला की पुन्हा सायकलवर बसत. संध्याकाळी घरी आल्यावर शर्ट काढून ते दिव्याखाली कॉलर निरखत. "आज वारा खदानीकडूनच होता," असं सांगत. पांढरा शर्ट हे त्यांचं एकमेव वैज्ञानिक उपकरण होतं ज्याची मागणी त्यांना कॉलेजकडे करावी लागली नाही.

हिवाळ्यातल्या सकाळी आमच्या गावाबाहेरचा रस्ता या जगातला राहत नाही. धुकं आणि कोळशाची धूळ यांचं एक राखाडी पाणी होतं आणि दिवे लावलेले ट्रक त्यातून पोहत येतात. वर्धा नदीपलीकडच्या वीजकेंद्राच्या चिमण्या खालून पुसलेल्या असतात. नुसते शेंडे हवेत तरंगत असतात, आणि त्यांतून निघालेला धूर आडवा पसरून सूर्याची वाट पाहत थांबलेला असतो. कपाशीच्या शेतांवर, तुरीच्या पिवळ्या फुलांवर सगळीकडे तोच हलका रंग. सर सायकल धरून तिथे कितीतरी वेळ उभे असत. मी फिरायला जात असे तेव्हा कधी कधी त्यांच्याजवळ थांबायचो.

"किती सुंदर दिसते, नाई?" ते एकदा म्हणाले.

मी हो म्हटलं.

"तेच तं वांधे हायेत," ते म्हणाले आणि सायकलवर बसले.

पहिल्या वर्षाच्या मुलांना ते पहिल्या तासाला काहीही शिकवत नसत. कोळशाचे तुकडे आणून प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत आणि गप्प बसायला सांगत. "बोलू नोका. हे जंगल हाये. झोपलं हाये." वर्गात कुजबुज थांबायची. बाहेर कडुनिंबावर साळुंक्या भांडत असायच्या आणि आत बाकांवर ती सगळी मुलं तळहातावर एकेक झोपलेलं जंगल घेऊन बसलेली असायची. मी शेजारच्या वर्गातून हे पाहिलं आहे. कवितेच्या तासाला इतकी शांतता मला उभ्या नोकरीत मिळाली नाही.

मग सर हळू आवाजात सांगत, "या जंगलाले आपन लाथ मारून उठवतो. म्हनून ते बोंबलत उठते, धूर काढते, अंगावर येते. लेकराले कसं उठवता तुमी शाळेसाठी? डोक्यावरून हात फिरवून, का नाई? कोळश्याले बी तसंच उठवाचं. हळू."

हळू उठवण्याचा हा मार्ग म्हणजेच सरांचं आयुष्यभराचं काम. त्याचं शास्त्रीय नाव मोठं आहे, पण सर ते वाळूवर दाखवत. काचेच्या उभ्या पेटीत वाळू भरलेली, तळाला बारीक भोकं, खालून पंपाने हवा. हवा सुरू झाली की वाळू जरा शहारायची, मग हलायची आणि मग वरणाला उकळी यावी तशी सगळी वाळू खदखदू लागायची. सर खिशातून कागदाची होडी काढून वर सोडत. होडी वाळूवर तरंगायची. वळायची, काठाला लागायची, पुन्हा मध्ये यायची. सर तिच्याकडे असे पाहत राहत, जणू ती खरोखरच कुठेतरी निघाली आहे. त्या उकळत्या थरात कोळसा थोडा थोडा टाकला तर तो कमी आचेवर, पण पुरता जळतो, आणि थरात चुनखडी मिसळली तर कोळशातलं गंधक चुना धरून ठेवतो, हवेत सोडत नाही. आमच्या भागात कोळशाच्या खाणी आहेत तशा चुनखडीच्याही आहेत. "दुखनं अन् औषध एकाच मातीत हाये," सर म्हणत, "वैद्यच तेवढा यायचा राह्यला."

आपल्याकडच्या कोळशात राख फार असते. बाहेरचे तज्ज्ञ येत आणि त्याबद्दल नाक मुरडत. सरांना तो घरच्या माणसाचा अपमान वाटे. "राख म्हंजे माती. गावचा कोळसा हाये, त्याले गावची माती लागनच." हळूहळू राख हे त्यांचं जगाकडे पाहण्याचं माप झालं. स्नेहसंमेलनात प्राचार्यांचं लांबलचक भाषण झालं आणि त्यांनी खाली उतरून कौतुकाच्या अपेक्षेने विचारलं, "कसं वाटलं सर?" सर विचार करून म्हणाले, "चांगलं होतं. राख काढून टाकली तं चहा होईन एवढा जाळ हाये." माझ्याबद्दलचं त्यांचं मतही मला एकदा मिळालं: "तुमच्यात राख कमी हाये मराठीवाले. पन तुमी पेटतच नाई."

आता मिल. सरांच्या घरामागे सरकीपासून तेल काढणारी जुनी मिल होती. तिचा बॉयलर कोळशावर चालायचा आणि चिमणी ठेंगणी असल्यामुळे धूर वर जाण्याऐवजी गल्लीत उतरायचा. पहिलं घर सरांचं. शोभावहिनींच्या उन्हाळ्यातल्या कुरड्या काळ्या पडत. त्याचं त्यांना काही वाटत नसे. "पोटात गेल्यावर कोन पाह्यते" म्हणून त्या तळून वाढत. पण त्यांना दमा होता. हिवाळ्यात बॉयलर पेटला की त्यांचं बोलणं मध्येच तुटायचं, त्या एक हात भिंतीला लावून उभ्या राहायच्या आणि आपण काही पाहिलंच नाही असं आम्हाला दाखवावं लागायचं. आर्णीला त्यांच्या भावाचं घर होतं, भोवती शेत होतं, हवा मोकळी होती. डॉक्टर सांगत होते, भाऊ बोलावत होता.

"जा तू," सर म्हणत.

"अन् तुमची शेगडी कोन पेटवन?" वहिनी विचारत.

"एक वर्ष थांब मग. मिलचा धूर बंदच करतो."

हे एक वर्ष मी त्यांना ओळखू लागलो त्याच्याही आधी सुरू झालेलं होतं.

कॉलेजच्या मागे पत्र्याची एक शेड होती. तिथे सरांनी आणि प्रयोगशाळेतल्या देवरावने मिळून छोटा बॉयलर उभा केला. देवराव प्रयोगशाळेचा परिचर, सरांपेक्षा दुप्पट रुंद आणि निम्मं बोलणारा. वाफेवर एक लहानसं यंत्र फिरायचं आणि त्या यंत्रावर शेडमधले दिवे लागायचे. आपल्याच गावचा, मातीने भरलेला कोळसा. त्याच्याच राखेचा खदखदणारा थर. चिमणीतून मात्र नुसती थरथरणारी हवा. मी त्या हवेतून पलीकडची चिंचेची झाडं पाहिली आहेत. पाण्याच्या तळाशी असल्यासारखी ती हलत होती.

मिलचा मालक ते पाहून गेला होता. त्याने शब्द दिला: सरकारी समितीने या यंत्राला पसंती दिली आणि अनुदान मिळालं, तर तो जुना बॉयलर काढून सरांचा बसवेल, मिल स्वतःची वीजही त्यावरच करेल. समिती यायची होती हिवाळ्यात. वहिनींनी आर्णीला निरोप पाठवला, समितीचं काय होते ते पाहून येते.

समितीच्या दिवशी शेडपुढे मांडव होता, रांगोळी होती आणि 'सुस्वागतम' असं लिहिलेल्या फलकावर झेंडूचा हार होता. अध्यक्ष नागपूरचे, निवृत्त बडे अधिकारी. खांद्यावर शाल. 'कोळसा काळा असला तरी भविष्य उज्ज्वल आहे' हे वाक्य त्यांनी अशा सफाईने टाकलं की ते बऱ्याच गावांत वापरून गुळगुळीत झालं असणार. वहिनी मांडवात बायकांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या आणि पदर नाकाशी धरला होता.

देवरावने लाकडाच्या निखाऱ्यांवर राखेचा थर तापवून ठेवला होता. हवा सुरू झाली, थर खदखदू लागला. सरांनी मान हलवली आणि देवरावने कोळशाच्या टोपल्यावरचं फडकं काढलं.

आतला कोळसा चमकत होता. आमच्या भागात असा कोळसा मी कधी पाहिला नव्हता. काळ्या काचेसारखा.

सर खाली वाकले. "हा कुठचा हाये बे देवराव?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. मी जवळच उभा होतो म्हणून मला ऐकू आलं.

देवराव लाजला. त्याच्या मागून रफीक पुढे आला. रफीकचा गावात कोळशाचा डेपो होता आणि तो सरांच्या हाताखाली रसायनशास्त्रात नापास झालेला होता, म्हणून त्याचा सरांवर विशेष जीव. आज त्याने नवा कडक इस्त्रीचा कुर्ता घातला होता.

"बाहेरदेशचा हाये सर," तो कुजबुजला. "बोटीनं आला. एका कारखान्याचा माल डेपोत उतरला, त्यायले सांगून एकेक ढेकूळ निवडून आनलं. राख नाईच म्हना ना."

"अन् आपला?"

"आपला मांगं ठेवला, ताडपत्रीखाली. पाव्हन्यायपुढं तो माती-गोट्याचा कोळसा ठेवाचा का सर? जवाई घरी आला तं त्याले जवारीची भाकर वाढते का कोनी?"

"म्या बी तेच म्हनलो सर," देवराव म्हणाला. "पाव्हन्याले पोळीच पाह्यजे."

सरांचं यंत्र भाकरीवर वाढलेलं होतं. गावच्या कोळशातली राख आच खात असे आणि थर शांत ठेवत असे. हा कोळसा फार जोरात जळणार, थर तापणार, राखेचे कण मऊ पडून एकमेकांना चिकटणार, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या दिसलं असणार. मला ते नंतर समजावून घ्यावं लागलं. त्यांनी एकदा ताडपत्रीकडे पाहिलं. ती हाकेच्या अंतरावर होती. एकदा वहिनींकडे पाहिलं. मग रफीककडे पाहिलं. तो समितीकडे तोंड करून, यजमान उभा राहतो तसा हात बांधून उभा होता.

"काही अडचण आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाई साहेब," सर म्हणाले. "पोरायनं पाव्हन्यायसाठी खास माल आनला, तो पाहून राह्यलो होतो." आणि देवरावकडे वळून म्हणाले, "टाक. पन चिमटी चिमटीनं."

दिवे लागले. कधी नव्हे इतके लख्ख लागले. टाळ्या झाल्या. रफीकने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. फक्त सर दिव्यांकडे पाहत नव्हते; ते बॉयलरला कान देऊन उभे होते. वरण करपायला लागलं की आधी त्याचा आवाज बंद होतो. तसंच झालं. खदखद जड झाली, मग एखाददुसरा बुडबुडा, मग काही नाही. सरांनी हवा वाढवली, देवरावला थांबवलं, चुनखडी टाकली. थर बसला तो बसलाच. दिवे पांढऱ्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे तांबडे झाले, मग नुसती तार दिसली आणि मग तीही दिसेना. चिमणीतून काळा धूर निघाला, तो मांडवाच्या कापडाखाली शिरला आणि संथपणे, कोणाचीही घाई नसल्यासारखा, सगळ्यांवर उतरला.

अध्यक्षांनी शाल झटकली. "प्रयत्न स्तुत्य आहे," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी जरा चांगला कोळसा वापरा."

"हो साहेब," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर आणि देवराव पहार घेऊन आतले खंगर फोडत होते. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटांचे होतात तसे राखेचे काळेनिळे खंगर. देवराव पाणी आणायला गेला तेव्हा मी विचारलं, "सर, तुम्ही सांगितलं का नाही? ताडपत्री तर समोर होती."

"काय सांगू?" सर पहारीवर टेकून म्हणाले. "पाव्हन्याच्या ताटातली पोळी वापस घे अन् भाकर वाढ म्हनू? सगळ्यायच्या पुढं? रफीक लाजेनं मेला असता." मग पहार उचलून म्हणाले, "अन् त्याले आजूनबी सांगू नोका."

मी सांगितलं नाही. रफीक गावभर सांगत राहिला, की परदेशी मालसुद्धा ज्याला पचला नाही त्या यंत्रातच काहीतरी खोट असली पाहिजे, पण सरांपुढे हा विषय काढू नका, त्यांना वाईट वाटते.

वहिनींना मात्र सरांनी समिती गेली त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. त्या खोकत खोकत हसल्या. "बरं केलं," म्हणाल्या. "धूर काय, आजचा हाये, उद्या जाईन. पोराचं मन मोडलं असतं तं ते कोन जोडलं असतं?" आणि त्या आठवड्यात त्यांनी पेटी भरली. स्टँडवर यवतमाळची गाडी लागली. तिथून पुढे आर्णी. सर खिडकीखाली उभे होते. "शेगडी हळू पेटवा," वहिनी आतून म्हणाल्या. "जसं पोरायले शिकवता तसं." गाडी निघाली आणि नेहमीच्या धुळीत शिरली.

सर निवृत्त झाले. शेडमध्ये प्राध्यापकांच्या दुचाक्या उभ्या राहू लागल्या. शनिवारी सर आर्णीला जात, सोमवारी परत येत. तिकडे कायमचे का राहत नाही, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "तिथं हवा चांगली हाये. आपल्याले कामच नाई." वहिनी तिकडे रात्रभर झोपू लागल्या होत्या, जिना चढू लागल्या होत्या. हे सांगताना ते आनंदी असत आणि वणीत परतल्यावर घराच्या पायरीवर बसून चिमणीकडे पाहत. मिलच्या मालकाने दिलेला शब्द त्यांनी कधी काढला नाही. पण ती वाळूची काचेची पेटी त्यांनी घरी आणली होती, आणि कधी मी गेलो की आतल्या खोलीतून खदखद ऐकू यायची.

मग एका दिवाळीनंतर मिलचा बॉयलर पेटलाच नाही. मालकाच्या भावाभावांत वाटणी झाली, एकाने यंत्रं घेतली, एकाने जागा, आणि दरवाजाला कुलूप लागलं. गल्लीतलं आकाश निळं दिसू लागलं. लोक आधी दचकले, मग खूश झाले. वहिनी परत आल्या. अंगणात उभ्या राहून त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि सरांकडे पाहिलं, आणि सरांनी अपराध्यासारखी मान खाली घातली.

"एक वर्ष म्हनलं होतं," ते म्हणाले. "झालं शेवटी. पन म्या नाई केलं."

माझ्याशी ते जरा जास्त बोलले. मिलमधली माणसं आता रोज सकाळी डबा घेऊन चौकात उभी राहत होती. "धूर बंद कराले मिलच बंद कराची असती तं माझी काय गरज होती, मराठीवाले? कुलूपवाला पुरला असता."

पण गल्लीच्या मंडळाला एवढा बारकावा परवडणारा नव्हता. धूर बंद करीन असं सर वर्षानुवर्षं म्हणत होते आणि धूर बंद झाला होता. मंडळाने त्यांचा नागरी सत्कार ठरवला. सरांनी नाही म्हटलं, तर तो विनय समजला गेला. रफीकने मांडवाची जबाबदारी घेतली.

त्या सत्कारात मला सरांचं शेवटचं दर्शन झालं. त्यानंतर मी मुलीकडे राहायला गेलो आणि परत आलो तेव्हा सर नव्हते. सत्कार संध्याकाळी होता. मांडव सरांच्या दाराशीच घातला होता, कारण वहिनींना फार चालवू नये असं सगळ्यांचं मत पडलं. मानपत्र वाचायला सुरुवात झाली आणि वीज गेली. मंडळाची तयारी चोख होती. लगेच घरघर सुरू झाली आणि दिवे आले. सर बोलायला उठले. अंगावर शाल, हातात नारळ. "मी काहीच केलं नाई," ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. "मिल बंद पडली म्हनून धूर बंद झाला," ते म्हणाले, आणि टाळ्या आणखी वाढल्या. पुढे ते काय म्हणाले ते त्या घरघरीत ऐकू आलं नाही. मी शेवटच्या रांगेत होतो. मांडवात हळूहळू एक निळसर पडदा पसरत होता, दिव्यांभोवती कडी दिसू लागली होती आणि त्या मंद उजेडात सर उभे होते, ओठ हलवत, एक हात जरा वर करून, झोपलेल्या कुणाला तरी हळू उठवत असल्यासारखे. पहिल्या रांगेतली वहिनींची खुर्ची रिकामी झालेली मला दिसली. त्या पदर नाकाशी धरून आत खिडक्या लावायला गेल्या होत्या.

जनरेटर डिझेलचा होता, आणि गल्लीत दुसरी जागा नसल्यामुळे तो त्यांच्या खिडकीखालीच ठेवला होता.